कोऱ्या पत्रास उत्तर

(उंद्री, जि. बुलढाणा येथील हरिनाम सप्ताहात केलेले निरूपण)

पत्र लिहायला बसले म्हणजे सर्वांत अवघड काय असते? मजकूर नव्हे. मजकूर मनात असतोच, म्हणून तर माणूस कागद पुढे ओढतो. अवघड असतो तो मायना. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार विनंती विशेष, सवाष्णीला सौ., आणि जिचे कुंकू गेले तिला गं. भा. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात समोरच्याचे वय, नाते, मान आणि नशीब हे सारे पहिल्याच ओळीत ठरवून टाकावे लागे. ते ठरले की पुढचे पत्र आपसुक उतरते. ते ठरेना, तर शाई दौतीत वाळते.

अशी शाई वाळल्याची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या संप्रदायात घडली. चांगदेवांची. तापी आणि पूर्णा ह्यांच्या संगमावर त्यांचे स्थान. ही पूर्णा परकी नाही बरे! आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर अंगाने वाहत जाते आणि तिकडे चांगदेवाच्या पायाशी तापीला मिळते. तर त्या तीरावर हे महायोगी बसलेले. परंपरा सांगते की योगबळाने त्यांनी काळाला चौदा वेळा माघारी धाडले आणि चौदाशे वर्षे देह राखला. शिष्यांची गर्दी, सिद्धींचा गाजावाजा. त्यांच्या कानावर आळंदीच्या चार भावंडांची कीर्ती गेली. भेटायचे मनात आले, पण आधी पत्र धाडावे असे ठरले. कागद घेतला आणि हात थांबला. ज्ञानदेवांना चिरंजीव लिहावे, तर ज्ञानाने ते वडील. तीर्थरूप लिहावे, तर वयाने ते पोर. शके ११९७ चा जन्म, म्हणजे इसवी सन १२७५. आणि लिहिणारा चौदाशे वर्षांचा! काय लिहिणार? शेवटी तसाच कोरा कागद शिष्याच्या हाती दिला.

कोरा कागद आळंदीस पोचला. मुक्ताबाईने तो हातात घेतला आणि म्हणतात की ती हसली. चौदाशे वर्षे जगून हा अजून कोराच राहिला, असे ती पोर बोलून गेली. निवृत्तिनाथ हसले नाहीत. त्यांनी ज्ञानदेवांना आज्ञा केली की ह्या पत्राला उत्तर लिही.

सज्जनहो, आमचे सारे निरूपण ह्या आज्ञेवर आहे. चांगदेव पासष्टीवर थोरथोरांनी टीका केल्या आहेत, त्यातले अद्वैत उकलून दाखवले आहे. तो अधिकार त्यांचा. आम्हाला आज एवढेच विचारायचे आहे की निवृत्तिनाथांनी उत्तर लिहायला का लावले? कागदावर अक्षर नव्हते. उत्तर न दिले तर कोणी दोष दिला नसता. शिवाय ते पत्र काही विरोधकाचे नव्हते, कीर्ती ऐकून भारावलेल्या माणसाचे होते. आणि कौतुकाच्या पत्रापासून साधूने चार हात दूर राहावे असेच आपण ऐकत आलो. तरी आज्ञा झाली. का? कारण त्या कोऱ्या कागदामागे एक माणूस अडून बसला होता. त्याला मायना सापडत नव्हता.

मग ज्ञानदेवांनी मायना कोणता घातला? पासष्ट ओव्यांचे ते पत्र उघडून पाहा. त्यांनी चांगदेवांना थोर म्हटले नाही आणि धाकटे म्हटले नाही. पहिला जयजयकार केला तो वटेश्वराचा, चांगदेवांच्या आराध्याचा. जो स्वतः लपून जग दाखवतो आणि प्रकटला की जग गिळतो, त्याचा. लिहिणारा आणि वाचणारा दोघे ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहतील, त्याला नमस्कार घातला म्हणजे आपापसात वडील कोण नि धाकटा कोण हा तंटाच उरत नाही. पुढे सोन्याचा आणि दागिन्यांचा दाखला आहे, मुख आणि आरशाचा आहे. पाण्याचा थांग घ्यायला निघालेल्या मिठाचा आहे. ते आत शिरले आणि स्वतःच उरले नाही, मग मोजणार कोण? आणि शेवटाकडे तो दाखला येतो जो आम्हाला पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या चौकटीवर लावावासा वाटतो. ज्ञानदेव आणि चांगदेव म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन डोळस आरसे. एकाने दुसऱ्यात पाहिले तर दिसणार काय? कोण कोणाचे कौतुक करणार?

येथे थोडे विषयांतर. आजकाल कोरी पत्रे रोज येतात. मोबाईलवर नुसते जोडलेल्या हातांचे चित्र येते, अक्षर एकही नाही. आमच्याकडे सकाळी अशी पन्नास येतात. पूर्वी आम्हाला त्याचा राग येई. आता मनात येते की त्या पन्नासांत एखादा चांगदेव असेल. सगळेच असतील असे नव्हे! पण एखादा असेल.

असो. ही सारी प्रस्तावना ज्यांच्यासाठी झाली त्यांच्याकडे येऊ. खामगाव-चिखली रस्त्यावरचे आपले हे उंद्री, ज्याला उदयनगर असेही म्हणतात. ह्या गावाच्या सप्ताहात वीणा ज्यांच्या गळ्यात प्रथम पडतो ते वृद्ध बुवा आज पुढे बसले आहेत. नाव घेऊ नका असे त्यांनी निक्षून सांगितले आहे, म्हणून घेत नाही. आणि गावात सांगायची गरजही नाही. वय ऐंशीच्या पुढे. पेटी उत्तम, आवाज आता थोडा फाटला आहे पण सुराला पक्का. आयुष्यभरात दीडशेच्या वर पदे केली, छापले एकही नाही. काही वर्षांपूर्वी काकड्याच्या वेळी कोणी पोराने त्यांचे गाणे मोबाईलमध्ये भरून घेतले आणि ते वाऱ्यासारखे चहूकडे गेले. तेव्हापासून त्यांना पत्रे येऊ लागली. बुवांकडे मोबाईल नाही. नातवाच्या मोबाईलवर जे निरोप येतात ते तो पोरगा वहीत उतरवून काढतो, टपालाने येतात ती पत्रे वेगळी. आणि बुवा दुपारी जेवण झाले की पोस्टकार्डे घेऊन ओसरीवर बसतात आणि प्रत्येकाला उत्तर लिहितात.

परवा त्यांनी आम्हाला विचारले, “महाराज, हे बरं का वाईट? उत्तर लिव्हलं त मीपना वाढते. नाई लिव्हलं त मानूस दुखते. मी काय करू?”

आम्ही म्हटले, आधी उत्तरे दाखवा. नातवाने काही उत्तरांची नक्कल ठेवली आहे. ती वाचली आणि आमचे काम निम्मे झाले. कोणी लिहिले होते की बुवा, तुमच्यासारखी चाल उभ्या वऱ्हाडात कोणी लावली नाही. त्याला उत्तर गेले आहे की ही चाल माझी नव्हे, माझ्या गुरूंची. त्यांनी ती वारीच्या वाटेवर एका अनोळखी दिंडीत ऐकली होती, त्या दिंडीचे नाव त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. आणि खाली विचारले आहे, तुमच्या गावात काकडा होतो का? पखवाज कोण वाजवते? एका मुलाने पेटी शिकवा म्हणून लिहिले, त्याला कळवले की आधी वर्षभर टाळ धर, लय पायात उतरू दे, पेटीची घाई नको. आणि एका गृहस्थाने तर चूक काढली होती की अमक्या पदाच्या तिसऱ्या चरणात अक्षरे जास्त होऊन ठेका मोडतो. त्यांचे आभार मानून बुवांनी चरण बदलला, नवा चरण त्यांना लिहून पाठवला; आणि गठ्ठ्यात ते पत्र सर्वांत वर ठेवले आहे. आम्ही ते मुद्दाम पाहिले.

वारकऱ्यांनो, ह्यात मीपणा कोठे आहे? अहो, आपली रीत काय आहे? वाळवंटात कोणी आपल्या पायाशी वाकला तर आपण ताठ उभे राहून आशीर्वाद देत नाही, आणि पाय ओढून पळतही नाही. आपणही त्याच क्षणी त्याच्या पायाशी वाकतो. कपाळाला कपाळ लागते, बुक्का इकडचा तिकडे होतो. बुवांचे प्रत्येक पोस्टकार्ड म्हणजे असे उलट वाकणे आहे. वीणा पाहा ना. सप्ताहात सात दिवस तो जमिनीला टेकत नाही. पहारा संपला की घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. गळ्यात असेपर्यंत तो आपला, पण आपल्या मालकीचा एक क्षणही नाही. कौतुक असेच गळ्यात घ्यावे आणि पहारा झाला की पुढच्याच्या गळ्यात घालावे.

थोर मंडळींनी कौतुकाला कसे वागवले ह्याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. दासगणू महाराज घ्या. नारदीय परंपरेचे कीर्तनकार आणि कवी, आयुष्याचा मोठा काळ पंढरपुरी राहिले. एकदा ते कीर्तनाला अंगरखा, उपरणे, फेटा असे सजून निघाले तेव्हा शिर्डीच्या साईबाबांनी त्यांना नवरदेव म्हणून थट्टेने अडवले. तेव्हापासून ते कीर्तनाला उघड्या अंगाने उभे राहिले, हातात चिपळ्या आणि गळ्यात हार. १८६८ चा त्यांचा जन्म. शेगावच्या भक्तांच्या आग्रहाला ह्या कवीने उत्तर दिले ते १९३९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. आणि ते उत्तर म्हणजे एकवीस अध्यायांचा श्रीगजानन विजय ग्रंथ. आज आपल्या जिल्ह्यात ज्या घरी दुसरे पुस्तक नाही त्या घरी तो आहे. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीपुढे लाखांचा समाज डोले; पण नाममुद्रा कोणती घेतली? तुकड्या. भाकरीच्या तुकड्यावरचे ते नाव त्यांच्या गुरूंनी, आडकोजी महाराजांनी दिले, आणि पुढे राष्ट्रसंत म्हणून देश ओळखू लागला तरी भजनाच्या शेवटी तुकड्याच राहिला.

आणि ज्यांना कौतुकाचे पत्र कोणी कधी धाडलेच नाही त्यांचे काय? आपल्याच जिल्ह्यात, देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. एवढा मोठा कवी. त्यांना अक्षर शिकू दिले कोणी? त्यांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते. देवळाची पायरी चढायला मनाई असलेल्या माणसाला त्या काळी मायना कोण शोधणार? १३३८ मध्ये मंगळवेढ्यास वेशीचे बांधकाम कोसळून ते त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी दिली. आज आपण पहिले डोके तेथे टेकतो आणि मग आत जातो. शतकानुशतके टेकतो आहोत, पण आपल्या गावातल्या चोखोबांना आपण कोणत्या मायन्याने हाक मारतो, हे ज्याचे त्याने पाहावे. आम्ही ह्यावर येथे अधिक बोलत नाही. ऐकणाऱ्यांत ज्यांनी मान खाली घातली त्यांना समजले आहे.

आता ज्या पत्रासाठी बुवांनी आम्हाला खरे बोलावले ते. बाकीची सगळी पत्रे दाखवून झाल्यावर, नातू पाणी आणायला गेला तेव्हा, त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. शाळेच्या वहीचे पान. पत्र एका बाईचे. तिचे गाव आम्ही सांगणार नाही. कपाशीचे दोन हंगाम बुडाले, देणे वाढले, आणि तिच्या मालकाने फवारणीचे औषध घेतले. मागे दोन लेकरे. ती लिहिते की रात्री झोप येत नाही तेव्हा बुवांचे पद मोबाईलवर लावते, ते ऐकले की विहिरीकडे जायचे मनात येत नाही. आणि मग विचारते, तुम्ही त्या पदात गाता की हाक मारली की विठू धावतो. आमच्या मालकांनी हाक मारली नसेल काय?

बुवा म्हणाले, “सहा महिने झाले महाराज. कारड समोर घेतो अन् तसंच ठिवतो.”

कोरे पत्र! सज्जनहो, चौदाशे वर्षांच्या योग्याचा हात अडला होता तसाच ऐंशी वर्षांच्या गायकाचा हात अडला. आणि कोठे अडला? आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, “मायन्यालेच. सौ. लिव्हता येत नाई. गं. भा. लिव्हाले हात धजत नाई. पोरीच्या कपाळावर मीच पुन्हा लिव्हू का ते?”

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आमच्याकडे त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर होते असे कोणी समजू नये. शास्त्रात उत्तरे आहेत. प्रारब्ध आहे, संचित आहे, क्रियमाण आहे. आपल्यापैकी कित्येक कीर्तनकार अशा पत्राला दोन ओळींत उत्तर लिहितील की प्रारब्धाचा भोग कोणास चुकला? हे वाक्य खोटे नाही. तरी ते लिहिणाऱ्याचा हात आम्ही धरू. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या दुःखावर लावण्यासाठी आहे, लेप म्हणून. दुसऱ्याच्या दुःखावर तो लावला की चटका होतो. आणि औषधाची बाटली तोंडाला लावणाऱ्याच्या मागे सावकार असतो, कोरडे आभाळ असते, मोंढ्यातला भाव असतो. हे सारे एका शब्दाखाली झाकले की ज्यांनी जागे व्हायचे ते निवांत झोपतात. गावाने त्या घराकडे काय पाहिले, सोसायटीत कोण बोलले, हे प्रश्न मग कोणी विचारायचे?

बुवांना पदातला तो चरणच काढून टाकायचा होता. विठू धावतो हे मी कशाच्या जोरावर लिहिले, असे ते म्हणत होते. आम्ही म्हटले, चरण काढू नका. ज्या बाईने विचारले तीच त्या चरणावर रात्र काढते आहे. तुम्ही तो काढलात तर तिच्या हातातली दोरी ओढून घेतलीत. पण चरण ठेवलात म्हणून त्याचा अर्थही तुम्हालाच सांगता आला पाहिजे असे नाही. कवीला आपल्या कवितेचे सगळे उत्तर द्यावे लागत नाही. कवितेपाशी येणाऱ्या माणसाला मात्र द्यावे लागते.

मग मुक्ताबाई आठवली. पुन्हा तीच. ज्ञानदेव कोणाच्या बोलण्याने दुखावले आणि झोपडीची ताटी लावून आत बसले तेव्हा ह्या बहिणीने बाहेर उभे राहून हाका मारल्या. ते ताटीचे अभंग आपण सारे म्हणतो. तिने समजावले, चुचकारले, पण त्याहून मोठे म्हणजे ती तेथून हलली नाही. चांगदेवाच्या कोऱ्या कागदाला हसणारी पोर बंद दाराशी मात्र हसली नाही. आम्ही बुवांना म्हटले, ह्या बाईने ताटी लावलेली नाही, उलट किलकिली करून तुम्हाला हाक घातली आहे. तुम्ही आहात एवढे तिला कळू द्या. प्रश्नाचे उत्तर सापडले नाही तर सापडले नाही असे लिहा.

“अन् मायना?”

मायना तर आपल्या संप्रदायाने कधीच शोधून ठेवला आहे! दिंडीत आपण एकमेकांना काय म्हणतो? पुढच्याचा धक्का लागला तर काय म्हणतो? पाणी देणाऱ्याला, वाट विचारणाऱ्याला, पायाला तेल लावणाऱ्या पोराला, फौजदाराला, भांडी घासणाऱ्या बाईला? माऊली. ह्या एका शब्दात वय नाही, जात नाही, कुंकू असणे-नसणे नाही. चांगदेवांनी हा शब्द आळंदीच्या वाटेवर कोणा माळकऱ्याकडून ऐकला असता तर त्यांचा कागद कोरा राहता ना. ज्ञानदेवांना आपण माऊली म्हणतो आणि त्याच तोंडाने समोरच्या अनोळखी माणसाला माऊली म्हणतो. आपल्याला सवय झाली म्हणून त्यातले नवल वाटत नाही इतकेच.

बुवांनी तेथेच कार्ड लिहिले. हात कापतो, म्हणून अक्षरे मोठी. वर श्री विठ्ठल. खाली माऊली. मग एवढेच, आणि त्यांच्या परवानगीने येथे सांगतो: “तुझं पत्र पोचलं. सहा महिने उत्तर सापडलं नाही, आजही सापडलं नाही. तुझ्या मालकानं हाक मारली असंल, असं मले वाटते. आपुन मानसं जवळ होतो, आपल्याले आयकू आली नाही. मुक्ताईची पालखी आषाढीले जाताना चिखलीले येते तवा मी तिथं असतो. लेकरं घेऊन ये. आमच्या दिंडीत भाकर आहे. रात्री झोप नाई आली त पद लावत जाय, पन एकटी बसू नको, शेजारच्या मायले उठवत जाय.”

पंडितांनी ह्या कार्डात सिद्धान्त शोधावा. आम्हाला त्यातले शेवटचे वाक्य फार मोलाचे वाटले. पद लाव म्हणणारा कवी पुष्कळ मिळेल. माझ्या पदावर एकटी अवलंबून राहू नको म्हणणारा विरळा.

पालखीचे म्हणाल तर ती मुक्ताईनगराहून निघते, मलकापूर, बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा करीत पुढे जालना-बीडकडून पंढरीस जाते. चांगदेवांनी पुढे मुक्ताबाईंना गुरू केले हे तुम्हास ठाऊक आहे. जिने कोऱ्या कागदाची थट्टा केली तिच्याच पायाशी ते चौदाशे वर्षांचे वय येऊन बसले. तिची पालखी आपल्या दारावरून जाते आणि आपण चहा-फराळाची सोय करून मोकळे होतो. फराळ द्या, अवश्य द्या. पण त्या गर्दीत कोणी दोन लेकरे घेऊन एका बाजूस उभी असेल तर तिला पुढे बोलवा.

आणखी एका पत्राबद्दल बोलायचे राहिले. तुकोबारायांच्या गाथेत पत्रिकेचे अभंग आहेत. एका साली वारीस जाता आले नाही, तेव्हा वारकऱ्यांच्या हाती त्यांनी पंढरीनाथाला निरोप धाडला. आणि मग यात्रा परत येण्याची वाट पाहत राहिले. काय निरोप येईल, देव काय म्हणेल, बोलावील की नाही. ज्या तुकोबांना छत्रपतींनी मानाच्या वस्तू पाठवल्या आणि ज्यांनी त्या अभंगाच्या पत्रासह परत केल्या असे संप्रदायात सांगतात (ते अभंग कोणाचे ह्यावर विद्वानांत मतभेद आहेत, ते असोत), त्या तुकोबांना राजाच्या पत्राचे काही वाटले नाही. आणि पंढरीच्या उत्तरासाठी मात्र जीव व्याकूळ झाला. पत्र धाडून वाट पाहणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. म्हणून आम्ही म्हणतो की ज्याला चार माणसे पत्र लिहितात, मग तो कवी असो, गायक असो, की आमच्यासारखा बोलका कीर्तनकार असो, त्याने वाट पाहणाऱ्याला ताटकळत ठेवू नये. मोठे उत्तर नको. एक ओळ पुरे, कार्ड पुरे.

आता पत्र लिहिणाऱ्यांसाठी. गायकाला लिहा, कीर्तनकाराला लिहा, ह्या मासिकाला लिहा. पण नुसते धन्य झालो असे लिहू नका. कोणता अभंग ऐकलात, तो ऐकून काय अडले, घरात काय चालले आहे, ते लिहा. चूक दिसली तर चूक लिहा; बुवांच्या गठ्ठ्यात वर कोणते पत्र आहे हे तुम्ही ऐकलेच. मायना अडला तर काय लिहायचे तेही आता ठाऊक आहे. आणि खाली आपला पत्ता, पिनकोडासह, सुवाच्य अक्षरात लिहा. उंद्रीस बुवांच्या वहीत नऊ पत्रे अशी आहेत की ज्यांवर पत्ताच नाही. नऊही कार्डे लिहून तयार आहेत. ज्यांनी गेल्या वर्ष-दोन वर्षांत पत्त्यावाचून पत्र धाडले असेल त्यांनी पुन्हा एक ओळ टाकावी.

राम कृष्ण हरि.